विहिरीची रात्र

मी, बजाबाई भ्रतार कोंडीबा उबाळे, धंदा शेती, राहणार मौजे लिंबोणी, तालुका माढा, जिल्हा सोलापूर, वय सत्तरीच्या पुढे (नक्की वय आईला ठाऊक होते, ती गेली), आज माढा येथे दस्तलेखक शरणप्पा यांच्या ओसरीवर बसून हे मृत्युपत्र लिहवून घेते. कोणाच्या धाकाने नाही, कोणाच्या लाडीगोडीने नाही. डोके ठिकाणावर आहे. कान शाबूत आहेत. रागात आहे, हे मात्र खरे. शरणप्पा म्हणतात, "बजाबाई, रागाचं लिहू नका. उद्या कोर्टात म्हणतील, बाईचं चित्त स्थिर नव्हतं." त्यांना सांगितले, की माझा राग चार वर्षे एका जागी बसून आहे, याहून स्थिर चित्त कुठले आणू? लिहा म्हटले की लिहा. पैसे मी देणार आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझा पुतण्या मानसिंग मोडनिंबला हॉटेलात बसून चारचौघांना सांगतो, "काकीचं समदं माझंच हाय, कागूद झालाय." असा कोणताही कागद झालेला नाही. असा कागद कोणी पुढे आणला तर तो खोटा समजावा, आणि आणणाऱ्याच्या तोंडावर फेकावा.

कलम पहिले. राहते घर दोन खणांचे, पुढची ओसरी, मागचे परसू आणि चिंचेचे झाड, हे सर्व माझी एकुलती मुलगी मुक्ताबाई, दिली बार्शीला, हिला द्यावे. गळ्यातली बोरमाळ आणि भांडीकुंडीही तिचीच. चिंच तोडू नये. शेतात हिस्सा नको असे मुक्ताने आपण होऊन सांगितले आहे. "आये, त्या हिरीपायी आण्णा गेलं. मला तिचं पानी बी नगं आन भांडान बी नगं," असे तिचे बोल. आण्णा म्हणजे तिचे वडील, माझे पती. पोरीने भांडण नको म्हणावे हे मला काही आवडले नाही, पण तिचा संसार तिकडे आहे.

कलम दुसरे. पोस्टात माझ्या नावावर जी शिल्लक असेल ती काढून दर वर्षी उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढण्यासाठी वापरावी, पुरेल तितकी वर्षे. माझ्या तेराव्याला गाव जेवू घालू नये. ज्यांनी माझ्या दारात उभे राहून मानसिंगाची बाजू घेतली त्यांना माझ्या नावाने लाडू खाण्याचा अधिकार नाही. गाळ काढायला जे उतरतील त्यांना मात्र पोटभर जेवण द्यावे, आणि आमटी पातळ करू नये.

कलम तिसरे. आता विहीर. शरणप्पा, इथून कागद जास्त लागेल.

ही विहीर माझे पती कोंडीबा, त्यांचे थोरले बंधू म्हणजे मानसिंगाचे वडील, आणि भावकीतले जोतीराम उबाळे, या तिघांनी मिळून खणली. खडक लागला तेव्हा तिघांचे हात फुटले होते. मी भाकरी घेऊन जात असे, माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. पाणी लागले त्या दिवशी तिघांनी तिथेच बसून पाळी ठरवली. एक दिवस एका घराचा, दुसरा दुसऱ्याचा, तिसरा तिसऱ्याचा, की पुन्हा पहिल्यापासून. दिवस म्हणजे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. मावळला की मोट वर, बैल दावणीला. रात्री कोणी पाणी काढायचे नाही, असे कोणी म्हटलेसुद्धा नाही, कारण रात्री मोट चालवणार कोण? बैलाला रात्र आहे, माणसाला रात्र आहे, तशी विहिरीलाही होती. रात्रभर झरे वाहायचे आणि सकाळी पाणी पायरीवर चढलेले असायचे. माझे पती म्हणत, "चौथा भागीदार राबतुया बघ." चौथा भागीदार म्हणजे विहीर. तिची पाळी रात्रीची. याचा कागद नाही, तलाठ्याकडे नोंद नाही. सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीची नोंद कोण करून ठेवतो?

त्या रात्रीच्या पाण्यावर लिंबोणी उन्हाळा काढत असे. गावचा आड चैत्रात आटतो. मग सकाळी पायरीवर चढलेले पहिले पाणी घागरीने गावाचे, आणि मग ज्याची पाळी त्याची मोट. हेही कोणी लिहिले नव्हते.

मानसिंगाचे वडील लवकर गेले. मानसिंग माझ्या हातचे खाऊन वाढला. त्याला अंगाला तेल लावून न्हाऊ घातले ते मी, आणि त्याच विहिरीच्या पाण्याने. पुढे वीज आली. मानसिंग कारखान्याचा सभासद झाला, ऊस लावला, मोटर आणली. मोटर बसवायला विहिरीच्या अंगाला भुई पाहिजे, आणि ती सगळी आमच्या वाटणीत. तो आला, पायावर डोके ठेवले, म्हणाला, "काका, एवढं मोटरघर बांदू द्या की." माझे पती म्हणाले, "बांद की लेका. आमी दोगं हाय तवर ऱ्हाऊ दे तुजं मोटरघर." हे शब्द मारुतीच्या पारावर बोलले गेले. जोतीराम भाऊजी तिथे होते. शरणप्पा, हे शब्द जसेच्या तसे लिहा, बदलू नका. पुढे लागणार आहेत.

मोटर बसली. पण वीज कधी यायची? रात्री. दिवसा तारा मेलेल्या असायच्या. मग मानसिंगाने रात्री मोटर लावली. सकाळी जोतीराम भाऊजी पाळीवर आले तर विहिरीत बेडकांपुरते पाणी. भाऊजी ओरडले, मानसिंग ओरडला. मानसिंग म्हणाला, "रातची पाळी कुनाच्या नावावर हाय? दावा की मला." कोण दाखवणार? ती कोणाच्या नावावर नव्हतीच.

तेव्हा भावकी पारावर बसली, आणि या जोतीराम भाऊजींनी न्याय केला. न्याय! त्या न्यायाची आठवण झाली की अजून माझे दात करकरतात. भाऊजी म्हणाले, "रात कुनाचीच न्हाय, म्हनून भांडान हाय. तर रात बी वाटून टाका. दिवसासारखीच. सारखा वाटा, कुनावर अन्याव न्हाय." सगळ्यांना पटले. गूळ वाटला. माझे पती एकटे उठून म्हणाले, "आरं, मग हिरीला काय ऱ्हायलं?" त्यावर पोरे फिदीफिदी हसली. माणसे काय करतात बघा. ज्याचा वाटा काढून घेतला त्यालाच वाटणीला बोलवायचे विसरले.

भाऊजींनीही मोटर आणली आणि त्याच मोटरघरात बसवली. आमच्याकडे मोटर नव्हती. आमच्या रात्री आम्ही विहिरीत तशाच ठेवायचो, की साठू दे, उन्हाळ्यात होईल. पण विहिरीत ठेवलेले पाणी काय आपले नाव सांगते? दुसऱ्या रात्री मानसिंगाची पाळी लागली की आमची अख्खी रात्र त्याच्या उसात जायची. वर हसून म्हणायचा, "काका, तुमी राखताय म्हनून माजा फड हिरवा हाय. लई उपकार." तो हसला की माझ्या पतींना जेवण जायचे नाही. मी म्हणायचे, मोटरघराला टाळे ठोका. ते म्हणायचे, "बजे, शब्द दिलाय." झाले. त्यांचा शब्द म्हणजे खडक. हात फुटले तरी हलायचा नाही.

कलम चौथे. यात काही द्यायचे नाही. शरणप्पा म्हणतात, जिथे देणे नाही तिथे कलम कशाला. असू दे. माझे मृत्युपत्र आहे.

बहात्तर साली पाऊस गेला. पौषातच विहिरीच्या तळाचा दगड दिसू लागला. तरी दोन मोटरी आळीपाळीने रोज रात्री, आमची पाळीही न सोडता, ओढत होत्या, जेवढे झरायचे तेवढे. ऊस हिरवागार. गाव टँकरपुढे हंडे घेऊन उभे. बैलजोडी चाऱ्यापाण्यावाचून विकली, आणि माझे पती, विहिरीचे भागीदार, सरकारने वाटलेली सुकडी खाऊन रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. चैत्रात त्यांना तिथे ऊन लागले. दिवेलागणीला बैलगाडीत घालून आणले तेव्हा अंग गार पडले होते.

शेवटची आंघोळ घालायची, तर घरात पाणी नाही. विहीर हाकेच्या अंतरावर. पाळी मानसिंगाची, मोटर चालू. ओसरीवर प्रेत आणि कानात त्या मोटरीची घरघर. मोटर काही त्याने बंद केली नाही. थोड्या वेळाने स्वतः आला, दोन्ही हातांत हंडे. म्हणाला, "काकी, आज पाळी माजी हाय, पर काकासाटी दोन हंडं घ्या की."

मी म्हटले, "कोंडीबाच्या हिरीतलं पानी कोंडीबाला देनारा तू कोन रं, मुडद्या?" आणि दोन्ही हंडे उंबऱ्यावर ओतले. बायका हळहळल्या, एवढ्या दुष्काळात बाईने पाणी ओतले म्हणून. हळहळू देत. आजही ओतीन. माझ्या नवऱ्याला मी टँकरच्या पाण्याने आंघोळ घातली. त्या पाण्याला डिझेलचा वास येत होता. तो वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही, आणि हे मृत्युपत्र त्या वासापायी होत आहे, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे.

कलम पाचवे. मोटेचे लोखंडी चाक विहिरीवर आहे तिथेच राहू द्यावे. कातडी मोट वाळून गेली आहे, ती माझ्या चितेवर टाकावी. ज्या पहारीने विहीर खणली ती पहार मात्र मानसिंगाला द्यावी. मी पुतण्याला रिकाम्या हाताने ठेवले असे कोणी म्हणू नये. जास्त पाणी हवे असेल तर त्याने खणावे. त्याच्या बापाला येत होते.

कलम सहावे. विहिरीलगतचे माझे सर्व शेत, विहिरीतील माझा हिस्सा, माझ्या दिवसाच्या पाळ्या, त्या मूर्ख न्यायाने माझ्या गळ्यात घातलेल्या रात्रीच्या पाळ्या, आणि मोटरघर, विजेचा खांब व पेटी ज्या भुईवर उभी आहे ती भुई, हे सर्व मी वच्छला भ्रतार मानसिंग उबाळे हिला देते.

होय. मानसिंगाच्या बायकोला. शरणप्पांनी लेखणी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिले. त्यांनाही वाटले म्हातारी चळली. म्हणून कारण लिहवते.

माझे पती गेल्यानंतर आठवड्याच्या आतली गोष्ट. वच्छला ऊसवाल्याची बायको, पण पिण्याचे पाणी तीही टँकरचेच आणायची, कारण नवरा म्हणायचा, हिरीचं पानी उसाला पुरंना. एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली. पदराच्या गाठीतून चिनीमातीचा एक फ्यूज काढून माझ्या पुढ्यात ठेवला. म्हणाली, "आत्ती, ह्यो लपवा. मोटरीचा हाय. आजची रात हिरीला निजू द्या." मी तो तुरीच्या डाळीच्या मडक्यात खोल घातला. सकाळी जाऊन पाहते तर पायरीवर पाणी चढलेले. त्या दुष्काळात! झरे मेले नव्हते, त्यांना कोणी दम खाऊ देत नव्हते इतकेच. गावातल्या सगळ्या बायकांनी घागरी भरल्या, वरच्या आळीच्या, खालच्या आळीच्या, त्या दिवशी कोणी कोणाला आळी विचारली नाही.

मानसिंगाने तिला सगळ्यांदेखत विहिरीवर मारले. "फूज कुटं हाय?" म्हणून मारले. तिने सांगितले नाही. तो दुपारी माढ्याला जाऊन दुसरा फ्यूज घेऊन आला आणि मोटर पुन्हा सुरू झाली. पण त्या गावात त्या दिवशी विहिरीची बाजू घेणारे एकच माणूस मी पाहिले. भावकीतले सगळे पुरुष मिशांना पीळ देत काठावर उभे होते. त्यांच्यापैकी कोणाला मी काय म्हणून देऊ?

मी तिला विचारल्याशिवाय हे करत नाही. गेल्या आठवड्यात तिला चुलीपाशी बसवून सगळे सांगितले, रात्री मोटरघराला टाळे लावायचे हेही. ती घाबरली. "नगं आत्ती, ह्यो मला घरात ठिवायचा न्हाय." मी म्हटले, घरातून काढले तर शेत तुझे आहे, त्यात खोपट बांध. दिवसाची पाळी तुझी आहे, जोंधळा पिकव, खा. तो येईल तुझ्या दारात, पाणी तुझ्या भुईवर आहे. तिने चुलीतले लाकूड आत सारले. मग तिने एवढेच विचारले, "टाळ्याला किल्ली एकच ठिवायची, का दोन?" तेव्हा मला कळले की माणूस बरोबर निवडले आहे.

कलम सातवे. वच्छलाने करायचे ते असे. मोटरघराला टाळे असावे. सूर्य उगवला की तिने उघडावे, मावळला की लावावे. दिवसा ज्याची पाळी त्याची, मानसिंगाची मानसिंगाला, जोतीराम भाऊजींची त्यांना, त्यात काडीचा फरक करू नये. रात्री कोणाचीही मोटर चालणार नाही, वच्छलाची स्वतःचीसुद्धा नाही. चैत्र ते मृग सकाळचे पहिले पाणी गावाच्या घागरींचे, आळी न विचारता.

शरणप्पांनी इथे हरकत घेतली. "मोटर मानसिंगची. दुसऱ्याच्या मोटरीला टाळं कसं लावता येईल?" मी म्हटले, मोटरीला कोण लावते? मोटर त्याची, त्याने खुशाल उचलून न्यावी, हवी तर डोक्यावर घेऊन फिरावे. भुई माझी आहे. माझ्या पतींनी शब्द दिला होता, "आमी दोगं हाय तवर." ते गेले. मी आहे तोवर शब्द आहे, म्हणून चार वर्षे रोज रात्री ती घरघर ऐकत मी गोधडीखाली दात खात पडले, पण टाळे लावले नाही. त्यांचा शब्द मी मोडला नाही. मी मेले की शब्द पुरा झाला. शरणप्पांनी थोडा विचार केला, "हां, हे चालेल," म्हणाले आणि लिहिले.

वीज रात्रीच येते, मग दिवसा पाळी कशी करायची, असे कोणी विचारील. मोटेचे चाक जागेवर आहे. बैल बाजारात मिळतात. नाहीतर वीजवाल्यांशी जाऊन भांडावे. आमच्याशी भांडायला जोर होता ना?

ही मिळकत वच्छलाला विकता, गहाण टाकता किंवा बक्षीस देता येणार नाही. मारून, फसवून किंवा रडून तिच्याकडून कोणी अंगठा घेतला, तर त्याच दिवशी सर्व मिळकत माझी मुलगी मुक्ताबाई हिच्याकडे जावी. मुक्ताला भांडण नको आहे, पण आईच्या शब्दावर हात टाकणाऱ्याशी ती कशी वागेल हे मानसिंगाला लहानपणापासून ठाऊक आहे. त्याच्या कपाळावर खूण आहे.

कलम आठवे. तुरीच्या डाळीच्या मडक्यातला चिनीमातीचा फ्यूज वच्छलाला परत द्यावा. तिचा आहे.

कलम नववे, शेवटचे. मी गेले की त्याच संध्याकाळी, रडणे-भेकणे चालू असले तरी, वच्छलाने उठून जावे आणि मोटरघराला टाळे लावावे. मला लगेच उचलू नये. सकाळी गेले तर रात्रभर ओसरीवर ठेवावे, रात्री गेले तर पुढची रात्रही जाऊ द्यावी. लोकांची गैरसोय झाली तर होऊ द्यावी, मला घाई नाही. विहिरीला एक अख्खी रात्र मिळू द्यावी. उजाडल्यावर पायरीवर जे पाणी चढले असेल त्याने मला आंघोळ घालावी. टँकरचा थेंब लावू नये.

ते पाणी मानसिंगाने काढावे. मोटरीने नाही. घागरीला दोर बांधून, हाताने शेंदावे. लहानपणी त्याला मी ज्या पाण्याने न्हाऊ घातले ते पाणी हेच होते की नाही, ते त्याने ओंजळीत घेऊन बघावे.

वरील मजकूर शरणप्पांनी मला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी "मूर्ख न्याय" हे शब्द गाळले होते, ते मी पुन्हा घालायला लावले. आता सर्व बरोबर आहे.

मुक्काम माढा, दिनांक ११ मे १९७७.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, बजाबाई भ्रतार कोंडीबा उबाळे. दस्तूर शरणप्पा, दस्तलेखक.

साक्षीदार पहिला: जोतीराम उबाळे, राहणार लिंबोणी. यांना मुद्दाम बोलावले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही असा कायदा आहे, तो मला आवडला. "आमी दोगं हाय तवर" हे शब्द त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकल्याचे कबूल करून सही केली. सही करताना म्हणाले, "वैनी, माज्या पाळीच्या रातीला गेलीस तर माजी रात बुडंल की." त्यांना सांगितले, "बुडू द्या, भाऊजी. हिरीची हाय ती."

साक्षीदार दुसरा: नागप्पा, शिंपी, राहणार माढा. यांनीही सही केली.